प्रयोगाचा परवाना

महाराष्ट्रात नाटक बसवणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक कागद चांगला ओळखीचा असतो. तालीम उभी राहिली, नेपथ्य ठरलं, नाट्यगृहाची तारीख मिळाली, तरी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय जाहीर प्रयोग लावता येत नाही. संहितेच्या प्रती मंडळाकडे द्यायच्या, सदस्य त्या वाचणार, हरकतीच्या जागी खुणा करणार, मग ते शब्द गाळायचे किंवा बदलायचे आणि मंजूर प्रतीबरहुकूम प्रयोग करायचा. नाटकवाल्यांच्या बोलीत याला 'सेन्सॉर करून घेणं' म्हणतात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी तालुक्याच्या गावची हौशी मंडळी असोत की मुंबई-पुण्याचे व्यावसायिक निर्माते, सगळेच ते करतात आणि इतक्या सवयीनं करतात की असं का, हा प्रश्नही फारसा कुणी विचारत नाही. कादंबरी छापण्याआधी कुणाला दाखवावी लागत नाही. कवितासंग्रहाला शिक्का लागत नाही. वर्तमानपत्रातला लेख आधी सरकारी टेबलावर जात नाही. नाटक मात्र जातं.

या कागदाचा माग काढत मागे गेलं की प्रत्येक टप्प्यावर दोन कारणं भेटतात. एक कागदावर लिहिलेलं आणि एक पोटातलं. ती क्वचितच एक असतात. समाजाला नाटकाची भीती कधी आणि कशाची वाटली, हे दुसऱ्या कारणातून कळतं.

मराठीपुरतं बोलायचं तर सुरुवात सरकारी बंदीनं होत नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते १८४३ मध्ये, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. एक जोशी गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालतो आणि अनुष्ठानाच्या नावानं नागवतो, एवढी गोष्ट. मध्येमध्ये विदूषक येऊन लबाडी उघडी पाडतो आणि शेवटी ते जोडपं शाळेत जायचं ठरवतं. कमिटीनं नाटक घेतलं नाही. कमिटीतल्या भटांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त स्वतः नोंदवलं आहे. हे नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडलं. तोवर मराठी रंगभूमीचे इतिहास लिहून झाले होते आणि त्यांत या नाटकाला जागाच नव्हती.

इथे पोलीस नव्हता, कायदा नव्हता, बंदी हुकूमही नव्हता. फक्त एक दार होतं आणि ते उघडलं नाही. नाटकावरच्या दडपणाची गोष्ट आपण इंग्रजांपासून सांगायला लागतो तेव्हा ही नोंद निसटते. मला ती पहिली नोंद वाटते, कारण पुढच्या सव्वाशे वर्षांत हे दार पुन्हापुन्हा दिसतं आणि त्याच्यामागे बहुतेकदा आपलीच माणसं उभी असतात.

कायदा आला तो बंगालमुळे. दीनबंधू मित्रांचं 'नीलदर्पण' १८६० मध्ये प्रसिद्ध झालं. निळीच्या मळेवाल्यांनी रयतेवर केलेले जुलूम त्यात होते. त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनापायी रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. तरीही पुस्तक होतं तोवर प्रकरण कोर्टकचेरीपुरतं राहिलं. ७ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यात नॅशनल थिएटरनं तिकीट लावून प्रयोगांना सुरुवात केली ती याच नाटकानं, आणि मग चित्र पालटलं. पुस्तक वाचायला अक्षरओळख लागते. प्रयोगाला डोळे आणि कान पुरतात. शिवाय वाचणारा एकटा असतो, प्रेक्षक शेकडो असतात आणि ते एकमेकांचे हुंकार ऐकत असतात. नाटकाला वेगळा कायदा का, याचं उत्तर इथे आहे.

कलकत्त्याच्याच ग्रेट नॅशनल थिएटरची मंडळी १८७५ मध्ये दौऱ्यावर लखनौला गेली तेव्हाचा प्रसंग नटी विनोदिनी दासींनी आपल्या आत्मकथेत लिहून ठेवला आहे. 'नीलदर्पणा'तला तोराप हा शेतकरी मळेवाल्या रोग साहेबाला बडवतो तो प्रवेश सुरू झाला आणि पुढे बसलेले गोरे उठून थेट रंगमंचावर चढले. प्रयोग बंद पडला, मंडळींना गाशा गुंडाळून लखनौ सोडावं लागलं. नटाचा मार खोटा असतो हे त्या गोऱ्यांनाही ठाऊक होतं. पण एका देशी माणसानं साहेबाला मारलं आणि शेकडो देशी माणसांनी ते पाहिलं, यातलं खोटं काहीच नव्हतं.

ठिणगी पडली ती मात्र एका प्रहसनानं. प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्याला आले असताना वकील जगदानंद मुखर्जी यांनी त्यांना आपल्या घरी बोलावलं आणि घरातल्या बायकांनी अंतःपुरात त्यांचं स्वागत केलं. शहर खवळलं. १९ फेब्रुवारी १८७६ रोजी ग्रेट नॅशनलनं 'गजदानंद ओ युवराज' रंगमंचावर आणलं. पोलिसांनी थांबवलं तर मंडळींनी नाव बदलून तेच पुन्हा केलं. पोलीस कमिशनर हॉग आणि सुपरिंटेंडेंट लँब यांच्या आडनावांवरून डुक्कर आणि मेंढीची टवाळी करणारं आणखी एक प्रहसन काढलं. २९ फेब्रुवारीला व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला आणि ४ मार्चला उपेंद्रनाथ दास, अमृतलाल बसू आणि इतर मंडळी पकडली गेली.

खटला कशाचा झाला? युवराजांच्या टवाळीचा नाही आणि पोलिसांच्याही नाही. दासांच्या 'सुरेंद्र-विनोदिनी' नाटकातल्या अश्लीलतेचा. त्या नाटकात एक इंग्रज मॅजिस्ट्रेट देशी स्त्रीवर हात टाकतो. राग राजकीय होता, आरोप नीतीचा ठेवला गेला. हायकोर्टात आरोपी सुटले, पण डिसेंबर १८७६ मध्ये नाट्यप्रयोग कायदा मंजूर झाला आणि कागदावरच्या कारणाची आणि पोटातल्या कारणाची फारकत पक्की होऊन गेली.

कायदा छोटा आहे. नाटकावर बंदी घालायला त्यात तीन कारणं दिली होती. बदनामी, सरकारविरुद्ध अप्रीती आणि प्रेक्षकांचं नीतिभ्रष्ट होणं. मनाईनंतर प्रयोग केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पोलिसांना नाट्यगृहात शिरून पडदे आणि कपडे जप्त करायचा अधिकार. ठरावीक भागापुरती परवान्याची सक्ती करायची झाली तर तीही सोय होती. तिथे प्रयोगाच्या तीन दिवस आधी संहिता किंवा तिचा सारांश द्यावा लागणार. आणि शेवटी एक सूट. धार्मिक उत्सवांतल्या जात्रा आणि तशा प्रकारचे खेळ या कायद्याच्या बाहेर राहतील. म्हणजे कोकणातल्या जत्रेतला दशावतार, देवळातलं लळित यांना हात लावायचा नाही. देवाच्या नावानं चाललेल्या खेळात सरकार पडू इच्छित नव्हतं.

मराठी नाटककारांनी त्यातलं शहाणपण नेमकं उचललं. उत्सवाची सूट गावाच्या देवळापुरती असली तरी पुराणाचा पेहराव शहरातल्या नाट्यगृहातही चालण्यासारखा होता. 'केसरी'त टिळकांचे सहकारी असलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' महाराष्ट्र नाटक मंडळीनं १९०७ मध्ये आणलं. विराटनगरीत अज्ञातवासात राहिलेले पांडव, सैरंध्रीवर डोळा ठेवणारा सेनापती कीचक, थोडा धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर आणि हात शिवशिवणारा भीम. महाभारत ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला यातलं काहीच नवीन नव्हतं, पण नाट्यगृहातल्या प्रत्येकाला पात्रांची खरी नावं कळत होती. कीचक म्हणजे बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय कर्झन. द्रौपदी म्हणजे देश. युधिष्ठिर मवाळ, भीम जहाल. ती फाळणी होऊन दोन वर्षं झाली होती, सुरतेच्या काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांची फूट पडली ती त्याच वर्षी. कर्झनचं नाव संहितेत कुठेच नाही, मग परवाना देणाऱ्यानं खोडायचं काय? ओळ काढायची म्हटली तर महाभारतातून काढावी लागली असती. खाडिलकरांची करामत मला इथे दिसते. त्यांनी सरकारचं भय ओळखून रचनाच अशी केली की अर्थ रंगमंचावर नसून प्रेक्षकांत तयार व्हावा.

हे सरकारच्या लक्षात यायला वेळ लागला, पण आलं. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'शारदा'चा प्रयोग होता. तिथेच अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. 'शारदा'चा या कटाशी काडीचाही संबंध नव्हता. जरठ-कुमारी विवाहाविरुद्धचं ते देवलांचं नाटक होतं. पण १९१० च्या सुरुवातीलाच 'कीचकवधा'वर बंदी आली. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलच्या 'इंडियन अनरेस्ट'मध्ये या नाटकाची ओळख साम्राज्याच्या वाचकांना करून दिलेली आहे आणि त्यातल्या पात्रांचा खुलासाही पुण्याच्या प्रेक्षकानं केला असता तसाच आहे. या एका प्रकरणात कागदावरचं आणि पोटातलं कारण एकच होतं. सरकार घाबरलं होतं आणि तसं म्हणायला त्याला लाज वाटली नाही.

नंतरचा काळ भराभर ओलांडता येतो. गणेशोत्सवातल्या मेळ्यांच्या पदांवर पोलिसांची नजर राहिली, अनेक नाटकांना मनाई झाली, कंपन्या बोलपटांपुढे मोडल्या. पण याच काळात सत्यशोधकी जलसे आणि मग आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. त्यांना नाट्यगृह नको होतं. चावडीपुढची किंवा वस्तीतली मोकळी जागा, डफ-ढोलकी आणि कंदील एवढ्यावर काम भागत होतं. अडवणूक झाली ती गावकीकडून.

खरा पेच स्वातंत्र्यानंतर येतो. लोकांचं राज्य आलं आणि पहिली कुऱ्हाड पडली तमाशावर. अश्लील म्हणून मुंबई सरकारनं बंदी आणली. शेकडो फड, हजारो माणसं, बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातली. त्यांचं पोट यावर होतं. पुढे बंदी सैल झाली, सुधारणेसाठी समिती आली, पण अट राहिली की वग आधी दाखवायचा. वग दाखवायचा तर तो कागदावर हवा. इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण या गोष्टीकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. तमाशातली बतावणी लिहिलेली नसते. सोंगाड्या गावात शिरल्यावर पाटलाचं नाव, विहिरीचं भांडण, सावकाराची खोड विचारून घेतो आणि रात्री ते सगळं हसण्यात आणतो. गवळणीतली मावशी समोरच्या रांगेतल्या माणसाकडे बघून बोलते. आज केलेलं उद्या तसंच होत नाही. अशा कलेला 'संहिता आणा' म्हणणं म्हणजे तिच्या जिवावरच बोट ठेवणं. लिहिलेल्या नाटकातून परवाना ओळी काढतो. तमाशातून त्यानं मुभाच काढून घेतली. करमणुकीच्या परवान्यांच्या १९६० च्या पोलीस नियमांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे वेगळे नोंदलेले आहेत.

आणि अश्लीलतेच्या शेजारी दुसरं कारण उभं होतंच. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंनी वगात गणातल्या देवाला बाजूला सारून कामगार आणि मातृभूमीला वंदन आणलं, गवळण गाळली, सावकार आणि गिरणीमालक रंगमंचावर उभे केले. या कलापथकावरही सरकारनं बंदी घातली. त्यांच्या खेळात अंगविक्षेप नव्हते, द्व्यर्थी बोलणं नव्हतं. नाचणाऱ्या बाईला आणि लाल झेंड्याला एकाच वेळी रोखणाऱ्या सरकारला तमाशाची नेमकी कोणती गोष्ट सलत होती, हे सांगायला फार तर्क लढवावा लागत नाही. जिथे आठवड्याच्या बाजाराला आलेला माणूस दोन आण्यात बसतो आणि आपल्यावरच्या अन्यायाला खदखदून हसतो, ती जागा त्यांना नको होती.

१९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला आणि १९५४ मध्ये परिनिरीक्षण मंडळ. पोलिसी खात्याऐवजी साहित्य-नाट्यातली जाणती माणसं संहिता वाचतील, हा बदल सुधारणा म्हणूनच झाला होता आणि त्यामागे सद्हेतू होता हे मान्य करायला हवं. पण परिणाम वेगळा झाला. १८७६ चा कायदा मुख्यतः प्रयोगानंतर हात उगारत होता. आता प्रत्येक नाटक आधी तपासलं जाणार होतं, संशय असो वा नसो. तिकडे अलाहाबाद उच्च न्यायालयानं १९५६ मध्ये, इप्टा या जननाट्य संघाच्या 'ईदगाह'च्या खटल्यात, जुन्या कायद्यातली कलमं घटनेशी विसंगत ठरवली. महाराष्ट्रात त्याचा फरक पडला नाही. इथे परवाना पोलीस कायद्यातून आला होता.

सत्तरच्या दशकात हे सगळं चव्हाट्यावर आलं. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' डॉ. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये बसवलं. त्यात भाऊ आपल्याच गरोदर बहिणीच्या, माणिकच्या, पोटावर लाथा घालतात आणि ती रंगमंचावर येते तेव्हा तिच्या साडीवर रक्ताचा लाल डाग असतो. सेन्सॉरची हरकत त्या डागाला होती. लाथांना नव्हती. मग डाग निळा केला आणि हा डाग लाल समजावा, असं प्रेक्षकांना प्रयोगाआधी सांगण्यात आलं. त्या निवेदनानंतर नाट्यगृहातल्या प्रत्येक माणसाची नजर पूर्ण वेळ त्याच डागाची वाट बघत राहिली असणार. पण मला सलतं ते वेगळंच. घरातल्या बाईला मारणं दाखवता येतं, त्यानं काय होतं ते दाखवता येत नाही, असा हा निवाडा होता. त्या काळच्या मध्यमवर्गीय घराचा याहून खरा फोटो मिळणार नाही.

तेंडुलकरांचंच 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये आलं. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून त्यांच्याशी तोंडी करार करणारा हा बाइंडर शिव्या देतो, दारू पितो, मृदंग वाजवतो. तेराव्या प्रयोगानंतर परवाना गेला. सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. ती सगळी लढाई त्यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात सांगितली आहे आणि नाटकाशी संबंध असलेल्या प्रत्येकानं ते वाचावं. कागदावर कारण अश्लीलतेचं होतं. पण त्याच सुमाराला दादा कोंडक्यांच्या सिनेमांचे खेळ हाउसफुल्ल जात होते आणि त्यातल्या द्व्यर्थी बोलण्यावर अख्खी कुटुंबं हसत होती. सखारामनं दुखवलं ते दुसरीकडे. लग्नाच्या बाहेर राहणारा हा माणूस आपल्या वागण्याचे नियम उघड सांगतो आणि नवऱ्यांनी घरात जे झाकून केलं ते त्याच्याकडे न झाकता होतं. देवभोळी लक्ष्मी आणि मोकळी चंपा, दोघींनाही त्याच्याशिवाय थारा नाही. हे ऐकून घेणं शिवीपेक्षा अवघड होतं.

त्याच वर्षी, १६ डिसेंबर १९७२ रोजी, पुण्यात तेंडुलकरांच्याच 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेल दिग्दर्शक, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. रांगेत उभे राहिलेले डुलणारे ब्राह्मण क्षणात पडदा होत, क्षणात भिंत, क्षणात वाडा आणि त्या भिंतीआड नाना फडणवीसांचं राज्य चाले. या नाटकाचे प्रयोग एकोणीस झाल्यावर थांबले आणि थांबवले ते सरकारनं नव्हे, तर ज्या संस्थेनं ते केलं होतं त्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननंच. नटमंडळी बाहेर पडली, मार्च १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी 'घाशीराम' पुन्हा उभं राहिलं. १९८० मध्ये युरोपला निघालं तेव्हाही विरोध झाला, कोर्टापर्यंत प्रकरण गेलं. म्हणणं होतं इतिहासाच्या विटंबनेचं. मला त्यात १८५५ ची कमिटी दिसते. फुल्यांचा जोशी आणि तेंडुलकरांचे पुण्याचे ब्राह्मण यांच्यात जवळजवळ सव्वाशे वर्षं आहेत, आणि दोघांना नको म्हणणारा आवाज एकाच आळीतून आला.

१९९८ मध्ये प्रदीप दळवींच्या 'मी नथुराम गोडसे बोलतोय'चे प्रयोग सरकारनं बंद पाडले. मंडळाकडून ते नाटक मंजूर झालेलं होतं. २००१ मध्ये उच्च न्यायालयानं प्रयोगांना वाट मोकळी केली. ते नाटक मला विचारानं पटत नाही, गांधीजींच्या खुन्याला टाळ्या घेताना बघणं नको वाटतं. तरीही ते उत्तर देऊन हरवायचं नाटक होतं, बंद पाडायचं नव्हतं. या प्रकरणानं एक गोष्ट उघडी केली. परवाना असून नाटक वाचत नाही. लोकांच्या भावना दुखावल्या असं कुणी मोठ्यानं म्हटलं की प्रमाणपत्र हातातच राहतं. परवान्यामुळे नटांना निदान संरक्षण मिळतं, हा त्याच्या बाजूचा शेवटचा मुद्दा होता आणि तोही गेला.

१८७६ चा कायदा संसदेनं रद्द केला तो २०१८ च्या जानेवारीत अमलात आलेल्या निरसन कायद्यानं, इतर अनेक जुनाट कायद्यांबरोबर. त्याआधी २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी महाराष्ट्रातल्या पूर्वपरिनिरीक्षणालाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. त्यांची बाजू मला शंभर टक्के पटते. नाटकानं कायदा मोडला तर त्यासाठी दंडविधान आहे, कोर्ट आहे. मोडण्याआधीच रांगेत उभं करणं हे प्रौढ नागरिकांच्या समाजाला शोभत नाही.

इंग्लंडात १७३७ पासून नाटकं लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत तपासली जात. १९६८ मध्ये ती पद्धत संपली. १८२४ पासूनच्या त्या सगळ्या संहिता, खुणा आणि शेऱ्यांसकट, आता ब्रिटिश लायब्ररीत कुणालाही वाचता येतात आणि त्यांतून त्या समाजाला कोणत्या दशकात कशाची धास्ती वाटली याचा अभ्यास होतो. आपल्याकडे १९५४ पासून मंडळापुढे आलेल्या नाटकांच्या प्रती, वगांची बाडं, कुठल्या ओळीवर कुणी कोणती हरकत घेतली त्या नोंदी, जिथे आणि जेवढ्या शिल्लक असतील तिथून गोळा करून राज्य पुराभिलेख संचालनालयानं त्या अभ्यासकांना खुल्या कराव्यात. त्यासाठी कुठल्या निकालाची वाट बघायची गरज नाही. काम तमाशाच्या वगांपासून सुरू करावं, कारण ते कागद आधी कुजतात.